जिथं आजार विचारत नाहीत, तो विमा सोडू नका

घाटंजी तालुक्यातल्या एका कास्तकार भाऊंचं पत्र आलं आहे. नाव-गाव छापू नका अशी त्यांची विनंती आहे, ती पाळते. पत्र चार पानी आहे. त्यातला कामाचा भाग असा:

"ताई, सादर जय भीम. माझी पोरगी २५ वर्षांची आहे. राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्तीवर ती जर्मनीत एम.एस्सी. करायला गेली. ३१ मार्चला तिचं सेमिस्टर संपते, शिष्यवृत्ती तर आधीच संपली. नोकरी शोधायला तिथं अठरा महिने मिळतात म्हणते. पण आता विमा कंपनीचं पत्र आलं, की विद्यार्थी म्हणून दीडशे युरोच्या आतबाहेर भरत होतीस, एप्रिलपासून २८० च्या जवळपास भर. पोरीला लहानपणापासून सिकल हा रक्ताचा आजार आहे, एसएस, म्हणजे पूर्ण आजाराचा प्रकार. यवतमाळच्या मेडिकल कॉलेजात निघालं होतं. रोज गोळी घेते. मागच्या हिवाळ्यात तिथं चार दिवस भरती होती, तेव्हा फक्त ४० युरो लागले. तिची मैत्रीण म्हणते, पब्लिक विमा सोड, ४५ युरोत प्रायव्हेट मिळते. इकडे आमच्या ओळखीचा एजंट म्हणतो, मी इथूनच परदेशाची पॉलिसी काढून देतो, फक्त फॉर्मवर सिकलचं लिहू नका. गावात आम्ही सिकलचं कोणालाच सांगितलं नाही, पुढं तिच्या लग्नाचं पाहावं लागेल. ती एका बेकरीत आठवड्याला आठ तास काम करते. कापूस विकून माझ्या हातात १ लाख १० हजार आहेत, पण त्यातच पुढच्या हंगामाचं बियाणं-खत आहे. बैलजोडी विकू काय? कोणता विमा घेऊ, ते सांगा."

भाऊ, जय भीम.

पहिली गोष्ट आधीच सांगते, म्हणजे बाकीचं पत्र तुम्ही शांतपणे वाचाल. बैलजोडी विकू नका. आणि मुलीला आजच फोन करून सांगा, की पब्लिक विमा सोडायच्या कोणत्याही कागदावर सही करायची नाही. ४५ युरोचा प्रायव्हेट नको आणि एजंटची पॉलिसीही नको. २८० युरो हा आकडा मोठा आहे हे मला कळतं. तो कसा खाली आणायचा, तेही पुढे सांगते. त्याला वाट आहे, आणि ती तुमच्या मुलीच्या बेकरीतूनच जाते.

आधी २८० युरो म्हणजे काय ते पाहू. युरो शंभर रुपये धरला तरी महिन्याला २८ हजार होतात. २०२५-२६ च्या हंगामात लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव क्विंटलला ८,११० रुपये आहे. म्हणजे महिन्याला साडेतीन क्विंटल कापूस, आणि तोही सीसीआयने, म्हणजे सरकारच्या कापूस महामंडळाने, पूर्ण भावाने घेतला तर. पाच एकरांच्या कोरडवाहू वावरातून अठरा महिने एवढं काढत राहणं तुम्हाला जमणार नाही. म्हणूनच ४५ चा आकडा ऐकून जीव तिकडे ओढला जातो. तुमच्या जागी मी असते तर माझाही गेला असता.

पण मी २७ वर्षं एका विमा कंपनीत दाव्यांच्या टेबलावर काम केलं आहे. लोक विमा घेताना हप्ता पाहतात. आमच्या टेबलावर मात्र फाईल आली की आधी फॉर्म उघडला जायचा आणि आजाराच्या रकान्यात काय लिहिलं आहे ते पाहिलं जायचं. एका शिक्षकाच्या फाईलमध्ये साखरेच्या आजारासमोर 'नाही' लिहिलेलं होतं. एजंटनेच लिहायला सांगितलं होतं. दोन वर्षांनी पायाची जखम चिघळली, दवाखान्याच्या जुन्या चिठ्ठीवर आठ वर्षांची साखर निघाली, आणि दावा नामंजूर झाला. ते पत्र मीच टाइप केलं होतं. त्यांची बायको माझ्या टेबलासमोर उभी राहून म्हणाली, "बाई, हप्ता तर आम्ही एकही चुकवला नाही." ती बाई मला अजून आठवते. तेव्हापासून कोणी मला विचारलं, की फॉर्मवर आजार लिहू की नको, तर माझं उत्तर एकच असतं. खोटं लिहून घेतलेला विमा म्हणजे फक्त भरलेला हप्ता, आजारपणात त्याचा आधार मिळत नाही.

तुमच्या एजंटने जे सुचवलं ते नेमकं हेच आहे. सिकल लपवून काढलेली पॉलिसी मुलगी धडधाकट असेपर्यंत चालेल. ज्या रात्री तिच्या हाडांत कळा सुरू होतील, त्या रात्री दवाखाना रक्त तपासेल, एसएस दिसेल, आणि लहानपणापासूनचा आजार लपवला हे दोन मिनिटांत सिद्ध होईल. सिकल हा जन्मजात आजार आहे, तो पॉलिसीनंतर झाला असं कोणीच म्हणू शकत नाही. आणि खरं लिहून घेतली तरी काय? परदेश प्रवासाच्या बहुतेक पॉलिसींमध्ये आधीपासूनच्या आजाराचा खर्च मुळातच वगळलेला असतो. म्हणजे ज्या आजारासाठी तुम्हाला विमा हवा आहे, त्या आजारासाठी ती पॉलिसी नाहीच.

मैत्रिणीचा ४५ युरोचा प्रायव्हेट विमाही त्याच जातीचा आहे. परदेशातून थोड्या काळासाठी आलेल्या लोकांसाठी तो असतो. मैत्रिणीने मनापासूनच सांगितलं असेल, तिला सिकल नाही. तिथल्या परदेशी नागरिकांच्या कार्यालयात, जिथं मुलीला अठरा महिन्यांचा परवाना मिळायचा आहे, अशा विम्याचा कागद पुरेसा नाही म्हणून अनेकदा परत करतात. पण त्याहून मोठा धोका वेगळाच आहे. एकदा पब्लिकमधून बाहेर पडलं, की नोकरी नसताना परत आत यायला दार राहत नाही. परत यायचं तर अशी नोकरी लागते जिच्यासोबत विमा सक्तीने लागू होतो. ती दोन महिन्यांत लागेल की चौदा महिन्यांत, हे तुमच्या-माझ्या हातात नाही. मधल्या काळात डिसेंबर-जानेवारी येईल. सिकलच्या माणसाला आपल्याकडचा मे महिना पाणी कमी पडून त्रास देतो, आणि जर्मनीतला जानेवारी थंडीने. मागच्या हिवाळ्यात ती भरती झाली, तेव्हा तिच्याकडे पब्लिकचं कार्ड होतं. चार दिवसांचे ४० युरो, म्हणजे दिवसाला १०, हा तिथला ठरलेला वाटा आहे. तोही वर्षात जास्तीत जास्त २८ दिवसांचा द्यावा लागतो, पुढचे दिवस तोही नाही. बाकी सगळं बिल विमा निधीने भरलं. ते किती होतं, हे तुमच्यापर्यंत आलंच नाही.

आता पब्लिक विम्याचं थोडं समजून घ्या, भाऊ, कारण त्यातच तुमच्या प्रश्नाचं उत्तर आहे. जर्मनीत राहणाऱ्या प्रत्येकाला आरोग्य विमा कायद्यानेच घ्यावा लागतो. तिथल्या सार्वजनिक विमा निधीला क्रांकनकासे म्हणतात, आपली मुलं नुसतं 'पब्लिक' म्हणतात. या निधीत हप्ता उत्पन्नावर ठरतो, आजारावर नाही. तुम्हाला साखर आहे का, सिकल आहे का, आईला कर्करोग होता का, यातलं काहीच आत घेताना विचारत नाहीत. हप्ता वाढवायला नाही, नाकारायला नाही, आणि दावा अडवायला तर नाहीच. लहानपणापासून जी गोष्ट तुमच्या पोरीने गावात, शाळेत, कॉलेजात लपवली, ती तिथं लपवायची गरजच पडत नाही. मला तर वाटतं, तिला त्या देशात मिळालेल्या गोष्टींपैकी ही एक फार मोठी आहे.

शिक्षण संपल्यावर तिला या निधीतून कोणी काढतही नाही. सेमिस्टरच्या शेवटच्या दिवसापर्यंत, म्हणजे तिच्या बाबतीत ३१ मार्चपर्यंत, विद्यार्थ्याचा विमा चालतो. १ एप्रिलपासून तोच विमा ऐच्छिक सदस्य म्हणून आपोआप पुढे सुरू राहतो. नवा अर्ज नाही, तपासणी नाही. निधी तिला पत्र पाठवून कळवतो, की बाहेर पडायचं असेल तर दोन आठवड्यांत सांग आणि दुसऱ्या विम्याचा पुरावा दे. तुमच्याकडे आलेलं पत्र बहुधा तेच आहे. त्यातला बाहेर पडण्याचा भाग तिने भरायचाच नाही.

२८० युरो कुठून आले, तेही सांगते. ज्याचं उत्पन्न नाही किंवा फार कमी आहे, त्याचंही किमान एक उत्पन्न गृहीत धरतात. २०२६ साठी ते महिन्याला १,३१८ युरो आणि काही सेंट आहे. त्यावर आरोग्य विम्याचे १४ टक्के, त्या त्या निधीची जादा टक्केवारी आणि दीर्घकाळच्या शुश्रूषेचा विमा असं मिळून ती रक्कम होते. जादा टक्केवारी प्रत्येक निधीची वेगळी असते, त्यामुळे पाच-दहा युरोंचा फरक पडतो. म्हणजे तिला कोणी लुटत नाही. बेकारांसाठीचा हा सगळ्यात खालचा दर आहे.

त्या पत्रासोबत किंवा मागोमाग उत्पन्नाचा एक फॉर्म येतो. तो भरून पाठवणं किती गरजेचं आहे, हे माझ्या भाच्याकडून ऐका. तोही असाच शिक्षण संपवून नोकरी शोधत होता. जर्मन पत्रं समजायला जड म्हणून तीन महिने त्याने पाकिटं फोडलीच नाहीत. उत्पन्न कळवलं नाही, की नियमाप्रमाणे निधी सगळ्यात वरच्या उत्पन्नाचा दर लावतो. आजच्या दराने ते महिन्याला बाराशे युरोंच्या वर जातं. चौथ्या महिन्यात त्याच्या हातात तीन हजारांहून जास्त युरोंची मागणी पडली आणि त्याने रात्री दोन वाजता माझ्या बहिणीला फोन केला. घरात कोणी जेवलं नाही दुसऱ्या दिवशी. शेवटी उत्पन्नाचे पुरावे दिल्यावर दर खाली आला, कारण बारा महिन्यांच्या आत कमी उत्पन्न दाखवलं तर हप्ता नव्याने ठरवून देतात. पण तो महिनाभर माझी बहीण खंगून गेली होती. तर मुलीला सांगा, प्रत्येक पाकीट त्याच दिवशी फोडायचं. भाषा अडली तर विद्यापीठातल्या परदेशी विद्यार्थ्यांच्या कार्यालयात घेऊन जायचं, ३१ मार्चपर्यंत तर ते तिचंच आहे.

आता ती वाट.

तुम्ही लिहिलं की ती बेकरीत आठवड्याला आठ तास काम करते. जर्मनीत २०२६ मध्ये किमान वेतन तासाला १३ युरो ९० सेंट आहे. आठ तासांनी महिन्याला ४८० युरोंच्या आसपास होतात. तिथं महिन्याला ६०३ युरोंपर्यंतच्या कामाला 'मिनीजॉब' म्हणतात. त्यात मालक विमा देत नाही, म्हणून १ एप्रिलनंतर हे काम चालू ठेवलं तरी २८० तिला स्वतःच भरावे लागतील. पण कमाई नियमित ६०३ च्या वर गेली, की ते काम विम्याच्या सक्तीत येतं. मग आरोग्य विमा नोकरीतूनच लागतो, त्याच निधीत, त्याच कार्डावर, आणि हप्त्याचा मोठा वाटा मालक भरतो. ६०३ ते २,००० युरोंच्या पगारात तर कामगाराचा वाटा मुद्दाम कमी ठेवला आहे, अगदी सुरुवातीला तो नावापुरता असतो.

आठवड्याला बारा तास केले तर महिन्याला ७२० युरोंच्या आसपास होतात. त्यातून तिच्या पगारातून आरोग्य, शुश्रूषा, पेन्शन आणि बेरोजगारी विमा असं सगळं धरून पन्नास युरोंच्या आतच कापलं जाईल. २८० कुठे आणि पन्नासच्या आत कुठे! फक्त चार तास आठवड्याला वाढवायचे आहेत, भाऊ. हे ती बेकरीवालीशी बोलू शकते. बेकरीत तास नसतील तर दुसऱ्या ठिकाणी शनिवारचं छोटं काम धरूनही चालेल, कारण दोन मिनीजॉबची कमाई एकत्र धरतात आणि बेरीज ६०३ च्या वर गेली की दोन्हीकडे विमा लागू होतो. फक्त दोन्ही मालकांना एकमेकांच्या कामाची माहिती द्यायची.

ही वाट तिच्या परवान्यातही बसते. विद्यार्थी परवान्यात बारा तास चालतातच. शिक्षण संपल्यावर जो नोकरी शोधण्याचा परवाना मिळतो, त्यावर तर अठरा महिने कोणतंही काम करता येतं, शिकलेल्या विषयातलंच हवं असं नाही. मात्र त्या परवान्याचा अर्ज आताचा परवाना संपायच्या आत झाला पाहिजे, आणि त्या अर्जाला विम्याचा कागद लागतो. म्हणून विम्याचं आधी, परवान्याचं मागून.

काही मुलांना बारा तास दुकानात उभं राहिलं तर नोकरी शोधायला वेळ कुठला, असं वाटतं. तुमच्या मुलीच्या बाबतीत माझी काळजी वेगळी आहे. बेकरीतलं काम पहाटेचं असेल, थंडीत बाहेर पडायचं असेल, तर ते सिकलला चांगलं नाही. दुपारच्या पाळीचे तास मागायला सांगा. गरम कपडे आणि पाण्याची बाटली हे तिला तुम्हीआम्ही सांगायची गरज नाही, ती सहा वर्षांची असल्यापासून तिला ते पाठ असेल. पण पाळीचं ती संकोचाने बोलणार नाही. आपल्या पोरी कामाच्या ठिकाणी 'चालेल' म्हणून मोकळ्या होतात.

मालकाला आजार सांगावा लागेल का, ही भीती तुमच्या पत्रात दोनदा आली आहे. नाही लागत. विमा निधी आजाराची माहिती मालकाला देत नाही. डॉक्टर सुटीचा जो दाखला देतात, त्यात मालकाला किती दिवसांची सुटी एवढंच कळतं, आजाराचं नाव त्यात नसतं. नोकरी लागली की पगारावरचा विमा सुरू होईल, तेव्हाही असंच असेल.

आता पैशाचं. १ एप्रिलपासून लगेच तास वाढले नाहीत असं समजू. एप्रिल, मे, जून असे तीन महिने पूर्ण हप्ता भरावा लागला तर साधारण ८४ हजार होतात. हा सगळ्यात वाईट हिशेब आहे, आणि त्यातही बेकरीच्या कमाईतून काही भाग तीच भरू शकेल. तुमच्या १ लाख १० हजारांतून बियाण्या-खताचे बाजूला काढा आणि ते हलवू नका. उरलेल्यातून एका महिन्याचा हप्ता तयार ठेवा. पेरणी मोडून पाठवलेला पैसा पोरीला कळतो, आणि मग ती आजारी असली तरी तुम्हाला सांगत नाही. हे मी कितीतरी घरांत पाहिलं आहे. पैसे पाठवायचे तर परकीय चलनाचं काम करणाऱ्या बँकेच्या शाखेतूनच पाठवा, तालुक्याच्या शाखेत ते होत नसेल तर यवतमाळला जावं लागेल. वर्षभरात १० लाखांच्या आत पाठवलं तर टीसीएस हा कर कापत नाहीत. कोणाच्या ओळखीच्या हाताने रोख देऊन तिकडे घेणं, हे मात्र करू नका.

आणि एखादा हप्ता चुकलाच तर? तरीही कार्ड लगेच मरत नाही. दोन महिन्यांची थकबाकी झाली आणि सूचना येऊनही भरली नाही, की उपचार थांबवतात. पण तेव्हाही अचानक आलेलं आजारपण आणि वेदनांवरचा उपचार मिळतो. सिकलचा झटका हा त्यातच येतो. आणि निधीशी बोलून हप्ते बांधून घेतले आणि ते भरत राहिलं, तर पूर्ण संरक्षण परत सुरू होतं. लाजून गप्प बसणं हेच तिथं महागात पडतं.

औषधांबद्दल एक गोष्ट तुम्ही विचारली नाही, पण मला माहीत आहे की बरेच जण हे करतात, म्हणून सांगते. इथून कुरिअरने गोळ्या पाठवू नका. आपल्याकडे सरकारी दवाखान्यातून हायड्रॉक्सीयुरिया ही सिकलची गोळी मिळते म्हणून आईबाप डबा भरून पाठवतात. जर्मनीत बाहेरच्या देशातून टपालाने औषध मागवायला खासगी माणसाला परवानगी नाही, कस्टममध्ये पार्सल अडतं. येताना स्वतःच्या सामानात आपल्यापुरती तीन महिन्यांची औषधं आणता येतात. तिथं हीच गोळी हायड्रॉक्सीकार्बामाइड या नावाने मिळते, डॉक्टरच्या चिठ्ठीवर, आणि एका औषधामागे साधारण ५ ते १० युरो द्यावे लागतात. दीर्घकाळच्या आजाराच्या माणसाला असे सगळे वाटे मिळून वर्षाच्या उत्पन्नाच्या एक टक्क्यापेक्षा जास्त द्यावे लागत नाहीत, फक्त डॉक्टरचा दाखला जोडून निधीकडे तसा अर्ज करावा लागतो. पावत्या ठेवायला सांगा.

तिचा तिथला नेहमीचा डॉक्टर ठरलेला नसेल तर मार्चमध्येच ठरवून घ्यावा, आणि त्याच्याकडून रक्ताच्या आजारांच्या तज्ज्ञाकडे चिठ्ठी घ्यावी. जर्मनीतल्या साध्या डॉक्टरने सिकलचे रुग्ण फार पाहिलेले नसतात. आपल्याकडे आशाताईलाही जे माहीत आहे ते तिथं समजावून सांगावं लागतं. यवतमाळचा इलेक्ट्रोफोरेसिसचा, म्हणजे सिकलच्या रक्ततपासणीचा रिपोर्ट, आजवर कधी भरती झाली, कधी रक्त चढवलं, कोणत्या लसी झाल्या, याचा एक कागद इंग्रजीत करून तिच्या फोनमध्ये आणि पाकिटात ठेवा. तुमच्या घरात जुन्या फाईली असतीलच. गोदरेजच्या कपाटातून काढा आणि फोटो पाठवा. हे काम तुम्ही आजच करू शकता आणि त्याला एक पैसा लागत नाही. तिथं रात्री-अपरात्री जिवावरचं वाटलं तर ११२, आणि दवाखाने बंद असताना डॉक्टर हवा असेल तर ११६११७.

हे सदर वाचणाऱ्या बाकीच्यांसाठी थोडं, कारण विदर्भातली मुलं आता सगळीकडे आहेत आणि एका देशाचा नियम दुसऱ्याला लावून घोटाळा होतो. ब्रिटनमध्ये ग्रॅज्युएट व्हिसा घेतानाच दर वर्षाला १,०३५ पौंडांचा आरोग्य अधिभार आधी एकदम भरून घेतात आणि मग तिथली सरकारी सेवा मिळते, त्यामुळे तिथं महिन्याच्या हप्त्याचा प्रश्न नाही, एकरकमी पैशाचा आहे. अमेरिकेत सगळ्यात जास्त जपावं लागतं. तिथं ओपीटीवर, म्हणजे शिक्षणानंतर काम करायच्या परवानगीवर, एकूण ९० दिवसांच्या वर बेकार राहता येत नाही, आणि विद्यापीठाचा विमा ठरल्या तारखेला संपतो. तो संपल्यापासून ६० दिवसांच्या आत सरकारी मार्केटप्लेसमधून विमा घेता येतो, आणि त्यात आधीच्या आजारामुळे नाकारता येत नाही. तिथल्या स्वस्त, अल्पमुदतीच्या योजना मात्र आधीचा आजार वगळतात. तिथंही विचारायचा प्रश्न हाच, की हा विमा आजार विचारतो का.

भाऊ, एक बोलू का? लग्नासाठी सिकल लपवायचं तुम्ही ठरवलं आहे. तो तुमच्या घरचा निर्णय आहे असं मी म्हणू शकले असते, पण म्हणवत नाही. ज्याच्याशी तिचं लग्न होईल त्याचं रक्त तपासलेलं असणं, हे तिच्या होणाऱ्या लेकरांसाठी आहे. तो एएस, म्हणजे सिकलचा नुसता वाहक असला, तरी प्रत्येक बाळंतपणात निम्मी शक्यता एसएस लेकराची असते. लपवून ठेवलं तर ही तपासणी होणार कशी? बोलायची सुरुवात मुलीपासून करा. ती एम.एस्सी. झाली आहे, तिला हे तुमच्या-माझ्यापेक्षा नीट कळतं, फक्त बाबा नाराज होतील म्हणून ती गप्प असेल.

आणि ती परत यायचं म्हणाली तर, कधीही, मोकळ्या मनाने येऊ द्या. फक्त निघताना तिथल्या नगर कार्यालयात राहण्याची नोंद रद्द करून त्याचा कागद विमा निधीला द्यायचा. नाहीतर ती इथं घाटंजीला असेल आणि तिकडे हप्ता चढत राहील. इथं आल्यावर गोळी मेडिकल कॉलेजात मिळेल, आणि महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेचं कार्ड घरात काढून ठेवलं नसेल तर ते काम तुम्ही आताच करून टाका.

फोनवर तिला एक शब्द लिहून घ्यायला सांगा. बेकरीवालीला विचारायचं, की १ एप्रिलपासून माझं काम 'सोत्सिआलफरझिशरुंग्सफ्लिष्टिग' करता येईल का, म्हणजे विमा लागू होणारं. शब्द लांबलचक आहे, पण तिथल्या प्रत्येक मालकाला तो कळतो. उत्तर काय आलं ते मला कळवा. नाही म्हणाली तरी कळवा, मग दुसऱ्या कामाचं कसं मांडायचं ते लिहीन.